चांगले कॉलेज म्हणजे काय?

आपल्या मोहल्ल्यातली मुलगी एम.ए. किंवा एम.एस्सी.ला जाते तेव्हा पुष्कळदा ती घरातली पहिलीच असते. कॉलेज चांगले की वाईट, हे विचारायला घरात कुणी नसते. मग लोक आम्हा उर्दू शाळेच्या मास्तरांकडे येतात. फी, एसटीचा पास, दोन वर्षे, आणि लग्नाची बोलणी लांबवून मिळवलेली सवड. एवढे पणाला लावून विचारलेल्या प्रश्नाला ‘‘ए ग्रेड आहे, घाला,’’ असे उत्तर देणे इमानदारीचे होईल काय?

ग्रेड खोटीच असते असे आमचे म्हणणे नाही. पण १९९४ साली स्थापन झालेली नॅक श्रेणी देते ती संस्थेला. तिथल्या उर्दूच्या किंवा रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला नव्हे. एकाच छपराखाली एका विभागात चार कायम प्राध्यापक असतात आणि शेजारच्या विभागाचा गाडा तासिका तत्त्वावरचे दोघे ओढतात. दारावरच्या पाटीत हे दिसत नाही. शिवाय तपासणारी शेवटी माणसेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या एका तपासणी पथकातील सदस्यांना सीबीआयने लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक केली. आम्ही बी.एड. करीत होतो तेव्हा तपासणीच्या आठवड्यात ग्रंथालयाच्या कपाटांची कुलुपे निघाली होती. (पथक गेले, कुलुपे पुन्हा लागली.) ग्रेड म्हणजे गवाही. ती ऐकून एक अनोळखी बाप आपल्या मुलीची दोन वर्षे कुणाच्या तरी हवाली करतो, हे गवाही देणाऱ्याला आठवत असेल का?

आता मापाविषयी. २०१६ पासून केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी निघते. तिच्यात विद्यापीठांसाठी अध्यापन आणि साधनांना ३० टक्के वजन, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि नावलौकिकाला १०. म्हणजे कुणाकुणाला आत घेतले आणि लोक काय म्हणतात, या दोन्हींचे वजन सारखेच! त्यातही सर्वसमावेशकतेच्या १० मध्ये परराज्यातले विद्यार्थी, मुली, मागास घटक, अपंगांसाठीच्या सोयी असे वाटे.

ज्या विभागाने नव्वद टक्केवाले निवडून घेतले आणि नव्वद टक्केवालेच बाहेर पाठवले, त्याने शिकवले किती? आम्ही शाळेत मूल कुठे पोचले ते बघतो, तसेच निघाले कुठून तेही बघतो. दहावीपर्यंत उर्दूत शिकलेली, शुद्ध मराठी बोलायला बिचकणारी मुलगी एम.ए.च्या शेवटी स्वतःच्या शब्दांत वीस पाने लिहीत असेल, तर त्या विभागाने मोठे अंतर कापले. ते अंतर कोणत्या रकान्यात भरायचे? सच्चर समितीने २००६ साली नोंदवले, की देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीला पंचविसांत एक आणि पदव्युत्तरला पन्नासांत एकच विद्यार्थी मुस्लिम आहे. वरचे क्रमांक मोजून आपल्या बहुसंख्य मुलांच्या शिक्षणाविषयी काही कळत नाही, ते यामुळेच.

पण याची दुसरी बाजू आम्हाला अधिक बोचते. ‘‘आमच्याकडे गरिबांची मुलं येतात, आम्ही किती करणार?’’ हे वाक्य आपल्याच समाजाच्या संस्थाचालकांकडून आम्ही ऐकले आहे. मागासलेपणाची ढाल करून प्रयोगशाळेत गॅस नाही, प्रबंध कुणी वाचत नाही, तास होत नाहीत, हे सारे खपवले जाते. ज्याच्याकडे दुसरा रस्ता नाही त्याला कमी मापाने देणे हा आम्ही जास्त मोठा गुन्हा मानतो. श्रीमंताचा मुलगा वाईट कॉलेज सोडून पुण्याला जाईल. आपली मुलगी कुठे जाणार?

म्हणून विचारायला आलेल्यांना आम्ही ग्रेड सांगतो, पण त्याबरोबर काही प्रश्नही लिहून देतो. या विषयाला कायम प्राध्यापक किती? गेल्या वर्षीचा एखादा प्रबंध बघायला मिळेल काय? त्यावर मार्गदर्शकाच्या हाताच्या दुरुस्त्या आहेत, की नुसती सही? ग्रंथालय चारनंतर उघडे असते काय? दोन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला किती जण होते, त्यांतले शेवटच्या परीक्षेला किती बसले, आणि मधेच गेले त्यांच्या घरी कॉलेजातून कुणी चौकशीला आले होते काय?