ओळख वेगळी, साक्ष वेगळी

31 डिसेंबर 2024 रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने व्हॉट्सअ‍ॅप पेवरची वापरकर्त्यांची मर्यादा उठवली आणि भाकितांना ऊत आला: फोनपे, गुगल पेचे दिवस भरले. युक्तिवाद एका ओळीचा. लोक दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवरच असतात, मग पैसे पाठवायला बाहेर कशाला जातील?

दाखल्याला चीन तयारच असतो. 2014च्या चिनी नववर्षात वीचॅटने शकुनाच्या पैशांच्या लाल पाकिटांची सोय केली आणि गप्पांमधून पैसा वाहू लागला, हे खरेच. पण वीचॅटवरचा पैसा वीचॅटवाल्यालाच जायचा. सगळे सगेसोयरे तिथे असणे हीच त्याची ताकद. आपल्याकडे 2016पासून यूपीआयचा रस्ता सामाईक आहे. पुण्यात कामाला असलेला आमगावचा पोरगा गुगल पेवरून पैसे टाकतो, तेव्हा बापाकडे कोणते अ‍ॅप आहे हे त्याला विचारावे लागत नाही. ‘सगळे तिथेच आहेत’ या भांडवलाची निम्मी किंमत इथेच उतरते.

मर्यादेमुळे घोडे अडले, असे यावर सांगतात. काही अंशी मान्य. नोव्हेंबर 2020मध्ये परवानगी मिळाली ती 2 कोटी वापरकर्त्यांपुरती. पण एप्रिल 2022मध्ये ती 10 कोटींवर गेल्यावरही व्यवहारांतला वाटा एक टक्क्याच्या आतच राहिला. 10 कोटींना कुणी बंद दार म्हणत नाही. आणि सप्टेंबर 2023मध्ये खुद्द व्हॉट्सअ‍ॅपनेच, चॅटमध्ये खरेदी करणाऱ्याला दुसऱ्या यूपीआय अ‍ॅपने पैसे भरायची मुभा दिली, ती कशासाठी?

 

खरी अडचण दुकानात दिसते. गोंदियात धानाचे चुकारे खात्यात पडले की किराणा दुकानांत गर्दी होते. गिऱ्हाईक फोन पुढे करून ‘झालं पेमेंट’ म्हणते. दुकानदार फोनकडे बघतही नाही, साखर तोलत राहतो. कान गल्ल्याशेजारच्या साउंडबॉक्सच्या डब्याकडे. डबा रक्कम बोलला की पिशवी हातात. बनावट स्क्रीनशॉटवर माल नेणारे आता सगळ्यांना ठाऊक झालेत. देणाऱ्याच्या पडद्यावर कोण भरवसा ठेवणार?

व्हॉट्सअ‍ॅपकडे ओळख आहे, साक्ष नाही. भाच्याला पाचशे पाठवताना साक्षीदार लागत नाही. तो ‘मिळाले मामा’ लिहितो, संपले. पण सालेकशाहून आलेले गिऱ्हाईक आणि गोंदियाचा दुकानदार यांच्यात नाते नसते. तिथे तिसरा लागतो. मनिऑर्डर देताना पोस्टमनही अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही घ्यायचाच. आज ही साक्ष डबा देतो. फोनपे आणि पेटीएमने माणसे हिंडवून दुकानांत स्टिकर चिकटवले, भाड्याने डबे बसवले. 2020पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही, तेव्हा ते भाडे ही कंपन्यांच्या कमाईची एक वाटही झाली. अर्थात ही साक्ष फुकटची नाही, आणि नेटवर्क गेले की डबाही मुका होतो. तरी दुकानदार भाडे भरतो.

उद्या व्हॉट्सअ‍ॅपने डबे वाटले तर? जिंकेलही. पण तो विजय गप्पांचा नसेल; तिरोडा, देवरी, अर्जुनी मोरगावात दुकानोदुकानी चपला झिजवणाऱ्या पोरांचा असेल, आणि ती पोरे आज दुसऱ्यांकडे कामाला आहेत.