गाळलेले अकरा दिवस

युनिक्स या संगणकप्रणालीच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीपासून ‘कॅल’ नावाची एक चिमुकली आज्ञावली तिच्या पदरी आहे. महिना आणि वर्ष यांचे आकडे टंकित करावेत आणि तिने त्या महिन्याचे कोष्टक साध्या अक्षरांत पडद्यावर मांडावे, एवढीच तिची चाकरी. परंतु तिला सप्टेंबर १७५२ विचारला, तर मंगळवारी १, बुधवारी २ आणि लागलीच गुरुवारी १४, असा एकोणीस दिवसांचा महिना ती निर्विकारपणे दाखविते. ब्रिटिश पार्लमेंटने जुलियन गणना टाकून ग्रेगोरियन गणना अंमलात आणली, त्याची ही नोंद. तारखा गळाल्या, वारांची साखळी मात्र अखंड राहिली. मग नाहीसे झाले ते नेमके काय?

वैशेषिक दर्शनाचे उत्तर तयार आहे. काल हे एक, नित्य आणि विभू द्रव्य असून क्षण, दिवस, मास हे भेद सूर्यगतीसारख्या उपाधींमुळे भासतात. तेव्हा उपाधीचे नाव पालटल्याने द्रव्याला बाध येत नाही. उत्तर निर्दोष खरे, पण ज्याला सण पाळावयाचा आहे, किंवा ज्याच्या दारी खंडाच्या वसुलीसाठी कारकून उभा आहे, त्याचे एवढ्याने समाधान होत नाही.

गणना बदलणाऱ्या त्या ब्रिटिश कायद्याच्या मसुदेकारांनी ही अडचण ओळखली होती. जमिनीचा खंड, करारांच्या मुदती, सज्ञान होण्याचे वय, इतकेच काय, जत्रा आणि बाजारसुद्धा पूर्वीच्याच नैसर्गिक दिवशी, म्हणजे नव्या गणनेने अकरा तारखा पुढे, यावेत अशी तजवीज त्यांनी केली. नाताळासारखे ठरल्या तारखेचे सण मात्र नव्या तारखांवर गेले. सावकाराचे व्याज भोगलेल्या दिवसांवर आणि देवाचा उत्सव केवळ नावावर! यात कोणास अधर्म दिसेल. मला तसे वाटत नाही. कर्ज हा दोन माणसांमधील हिशेब असून तो प्रत्यक्ष गेलेल्या दिवसांशीच प्रामाणिक राहिला पाहिजे, तर उत्सवाचे पावित्र्य बव्हंशी सर्वांनी एकाच दिवशी एकत्र येण्यात असते. स्पेनमध्ये संत तेरेसा ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री निवर्तल्या आणि उजाडला तो १५ ऑक्टोबर, कारण तेथे हाच फेरफार त्याच रात्री झाला. त्यांचा स्मृतिदिन १५ लाच पाळला जातो आणि त्यामुळे कोणाच्या भक्तीत उणीव आल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या पंचांगातही दिवस गळतात, परंतु ते कोणाच्या हुकुमाने नव्हे. एका सूर्योदयानंतर लागून दुसऱ्याच्या आत संपणारी तिथी क्षयतिथी ठरते, कोणत्याही दिवसाला तिचे नाव मिळत नाही. तरीही तिच्या वाट्याचे कर्म बुडत नाही. सूर्योदयाला कोणती तिथी होती एवढेच न पाहता, कर्माच्या विहित वेळी कोणती तिथी व्यापून आहे हे पाहावे, असा कर्मकालव्याप्तीचा दंडक धर्मशास्त्रावरील निबंधकारांनी घालून दिला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली रचलेल्या ‘धर्मसिंधू’त अशा निर्णयांचा मोठा विस्तार आहे. पार्लमेंटने सणासाठी नाव धरले आणि देण्यासाठी दिवस. या शास्त्रकारांनी नावाची पर्वा न करता अपराह्णी आकाशात चंद्रसूर्यांचे अंतर किती आहे एवढेच विचारले, आणि वार्षिक श्राद्ध त्या उत्तरावर ठेवले.