देवराईतली वाळकी काटकी

डिसेंबरात आहुप्याला मुक्कामी जायचं ठरलं आणि सोसायटीतल्या मुलांनी सामानाची यादी केली. तंबू, मॅट, टॉर्च, सुका खाऊ, आणि सर्वांत वर शेकोटी. ‘लाकडं तिथंच मिळतील,’ असं पुढे लिहिलेलं. ती ओळ मी खोडली. घोडेगाव, डिंभे धरण करत घाटमाथ्यावर पोचलं की आहुपे गाव लागतं आणि गावालगत भैरवनाथाची देवराई. देवाच्या राईतली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हा जुना दंडक.

एका मुलीनं सरळ विचारलं, “काकू, आपण भैरवनाथाला मानत नाही. मग त्याचा नियम आपल्याला कशासाठी?”

प्रश्न रास्त आहे. विज्ञान त्याचं एक उत्तर देतं. राईत आडवा पडलेला ओंडका वाकून पाहावा. सालीवर शेवाळ, फटीफटीतून बुरशी, आतला भुगा हिवाळ्यातही ओलसर. त्यात वाणी, वाळवी, भुंग्यांच्या अळ्या. त्याच भुग्यात पुढच्या पावसाळ्यात रोपं रुजतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया अभ्यासल्या. भोवतालचं रान तुटलं तरी कितीतरी झाडंवेली या राखीव तुकड्यांत तगून होत्या. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली जाहीर झालं. देवाचं रान राखायची रीत त्याहून कितीतरी जुनी.

पण नुसत्या हिशेबाशी घासाघीस करता येते. एक रात्र, चार लाकडं, एवढ्यानं काय बिघडतं? खरंच फारसं बिघडत नाही. येणारा प्रत्येक गट असाच बिनचूक हिशेब करतो आणि रान सरतं. ‘हे देवाचं आहे’ म्हटलं की हिशेबाला जागाच उरत नाही. इथल्या महादेव कोळ्यांची चूल रोज लाकडावर पेटायची, डोंगरातली थंडी त्यांनाही वाजायची. हिरडा गोळा करून संसार चालवणाऱ्या या माणसांना सरपणाची गरज आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. तरी त्यांनी राईकडे हात नेला नाही.

म्हणून श्रद्धा पुरेशी आहे, असंही मी म्हणणार नाही. देवळाला स्लॅब घालायचा म्हणून याच देवांच्या नावानं कित्येक गावांत जुनी झाडं पाडली गेली. देवाला मोठं घर मिळालं आणि राई उघडी पडली. नवस, जत्रा, अभिषेक सगळं चालू राहिलं. संपली ती मर्यादा.

त्या मुलीला मी हेच सांगितलं. माझी गरज जिथे शेवटचा शब्द ठरत नाही, तिथे माझ्या लेखी धर्म सुरू होतो. भैरवनाथाला हात न जोडणाराही ती मर्यादा पाळू शकतो आणि रोज शेंदूर वाहणाराही ती मोडू शकतो. देवराईचं पावित्र्य आवरलेल्या हातात असतं, आणि तो हात आवरायला नास्तिकालाही कुणाची आडकाठी नाही.

आता यादीत शेकोटीच्या जागी प्रत्येकाचा एक जादा स्वेटर आहे. तंबू राईपासून लांब, कुणाच्या तरी पड शेतात, मालकाला विचारून लागतील. जेवण गावातल्या घरी, पैसे देऊन. तुम्हीही या हिवाळ्यात डोंगरात निघाला असाल, तर आधी गावाला विचारा की देवाचं रान कुठून सुरू होतं. तिथे चपला काढा, आत जा, मन भरेस्तोवर बसा, आणि रिकाम्या हातांनी परत या.