दर्शन आणि मनन

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात, जेथे मागांचा खडखडाट दिवसपाळीतून रात्रपाळीत चालूच राहतो आणि मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी कुटुंबे पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झाली आहेत, तेथील एखाद्या शिक्षकाने रक्ताभिसरणाचा पाठ शिकवताना मिनिटभराची चित्रफीत दाखवण्याची तजवीज केली, तर तिला उथळपणा म्हणून धिक्कारण्याचा अधिकार आपणांस नाही. कारण ज्या मुलाच्या घरची भाषा पुस्तकाच्या भाषेहून निराळी आहे, त्याला हृदयाची झडप उघडताना आणि मिटताना दिसणे हा फार मोठा आधार होय. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून दृक्‌श्राव्य पाठ मुलांच्या हाती दिले आणि 2020 साली ते ‘ग्लोबल टीचर प्राइझ’चे मानकरी ठरले, हा गौरव यथार्थच होता.

तरीही माझ्या मनात उरणारा प्रश्न अवधानाचा आहे, आणि तो मला धर्मजिज्ञासेचाच वाटतो. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला उपदेश करतो तेव्हा दर्शनाचा उच्चार प्रथम येतो आणि श्रवण, मनन, निदिध्यासन त्यामागून येतात. तथापि शांकरपरंपरेने दर्शन हे साध्य व उरलेली तीन त्याची साधने, असा अन्वय लावला. आत्मविद्येचा हा क्रम शालेय विद्येला लावणे कोणास धाडसाचे वाटेल, पण चित्रफितीने नेमका हाच क्रम मोडतो: साधनांचे कष्ट होण्यापूर्वीच दर्शन पुढ्यात येते, मुलाला वाटते की पाहिले म्हणजे कळले, आणि कळल्याचा हा भास अज्ञानाहूनही दुस्तर असतो, कारण अज्ञानी निदान विचारतो. शिवाय मोबाइलवर एक चित्रफीत संपते न संपते तोच दुसरी सुरू होते. मननाला लागणारी उसंत त्या योजनेत नाहीच.

रंजन आणि मनन यांची सांगड कशी घालावी, हा पेच आपल्या नारदीय कीर्तनाने फार पूर्वी सोडवला. उत्तररंगातील आख्यानात गायन आहे, अभिनय आहे, विनोद आहे, पेंगुळलेल्या पोरालाही जागे ठेवील अशी सारी सामग्री आहे. पण पूर्वरंगात एखाद्या पदाचे निरूपण होऊन सिद्धान्त उभा राहिल्याखेरीज बुवा आख्यानाला हात घालीत नाहीत, आणि आख्यान कितीही रंगले तरी त्या सिद्धान्ताचे सूत्र सुटू देत नाहीत. रंजन तेथे त्याज्य नाही. ते निरूपणाचे अंकित आहे. आणखी एक गोष्ट मला याहून मोलाची वाटते: श्रोत्याचे चित्त ढळले की कीर्तनकाराला ते दिसते व तो आपला सूर बदलतो. चित्रफितीला समोरचे मूल दिसत नाही. शिक्षकाला दिसते, आणि गुरुत्वाचा सारा भार त्या दिसण्यावर आहे.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना विनंती एवढीच, की चित्रफीत अवश्य दाखवा, पण तिच्याआधी प्रश्न मांडा, ती संपताच दुसरी लावू नका, आणि अभ्यासक्रम मुदतीत संपवण्याचा वरून कितीही तगादा असला, तरी मुलाचे उत्तर येईपर्यंत थांबा.