पैलतीरीची भिक्षा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भक्तहो, आपले दैवत मोठे फिरते. काशीला स्नान, कोल्हापुरी भिक्षा आणि माहूरला निद्रा असा दत्तप्रभूंचा नित्यक्रम सांगतात. सगळी भूमीच ज्यांचे अंगण, त्यांना घर निवडायची चिंता कसली? भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने सर्पालाही गुरू केले आहे. साप स्वतः घर बांधत नाही, मिळेल त्या बिळात राहतो, हा त्याच्याकडून घ्यायचा धडा. पण आपण पडलो गृहस्थ. आपल्याला चार भिंती लागतात, नळाला पाणी लागते आणि उतारवयात जवळ डॉक्टर लागतो. मग दोन गावांपैकी कोणत्या गावी राहावे, हा प्रश्न परमार्थाच्या बाहेरचा म्हणून सोडून देता येईल का? मला वाटते, नाही. माझ्यावरच तो प्रसंग आला, म्हणून सांगतो.

डोंबिवली पूर्वेला आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. बैठकांमध्ये पुष्कळ वादावादी झाली, माझे म्हणणे कुणी ऐकले नाही. घरी मुलाशीही त्यावरून दोन शब्द कमीजास्त झाले. शेवटी जागा विकून बदलापूरला जायचे ठरले. आता बदलापूर म्हणजे आपण स्टेशनवर उतरतो तेवढेच नव्हे. स्टेशन आहे ते कुळगावात. जुने बदलापूर गाव पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला. घोडे बदलायचे ठिकाण म्हणून बदलापूर, असे जुनी माणसे सांगतात. दोन्ही गावांची मिळून आज कुळगाव-बदलापूर नगरपरिषद आहे. नाव जोडले गेले, पण राहायला जाणाऱ्याला एकच बाजू धरावी लागते.

मला गावाकडचे एक बैठे घर आवडले. पलीकडे नदी, भोवती आंब्याची झाडे, शेजार असा नाहीच. म्हटले, आता इथे बसून जप करायचा. कुळगावातली जागा म्हणजे चौथा मजला, खाली भाजीवाले, रिक्षांचा गलका, भिंतीला भिंत लागून शेजारी. ती आमच्या सौभाग्यवतीला आवडली.

मी तिला गुरुचरित्राचा आधार दिला. म्हटले, "श्रीनृसिंहसरस्वती महाराज कुठे राहिले बघ. औदुंबरला कृष्णाकाठी चातुर्मास केला. पुढे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, आजच्या नरसोबाच्या वाडीला, बारा वर्षे राहिले. गावात नाही राहिले, नदीकाठी औदुंबरातळी राहिले."

ही शांतपणे म्हणाली, "अहो, पण महाराज भिक्षेला कुठं जात होते?"

मी गप्प झालो. इतकी पारायणे केली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

भक्तहो, वाडीसमोर नदीपलीकडे अमरापूर आहे, आजचे औरवाड. एक तीर एकांताचे, दुसरे संसाराचे. महाराज ऐलतीरी राहत, पण भिक्षेला पैलतीरी जात. अमरापुरात एक दरिद्री ब्राह्मण होता. कोरान्न मिळाले तर मिळाले, नाही तर दारच्या घेवड्याच्या शेंगांवर त्याचे घर दिवस काढी. महाराज त्याच्या दारी गेले, घेवड्याची भाजी जेवले आणि निघताना तो वेल उपटून टाकला. घरची बाई रडू लागली. पण वेलाचे मूळ काढताना खाली द्रव्याने भरलेला कुंभ सापडला. ही कथा आपण कुंभासाठी ऐकतो. मी सांगतो, जरा घेवड्यापाशी थांबा. ज्यांच्या कृपेने कुंभ सापडतो, ते स्वतः घेवडा मागायला जातात! कशासाठी? मागितल्याशिवाय त्या दारिद्र्याच्या उंबरठ्यावर जाता आले नसते. भिक्षा हे दोन तीरांमधले उताराचे ठिकाण आहे.

औदुंबरलाही तेच. समोर भिलवडी, तिथे भुवनेश्वरीचे स्थान. मतिमंद म्हणून हिणवला गेलेला मुलगा देवीपुढे प्राण द्यायला निघाला, तर देवीनेच त्याला नदीपलीकडे औदुंबरातळी धाडले. देवसुद्धा भक्ताला समोरच्या तीरी पाठवतो, मग आपण आपल्या तीराभोवती कुंपण घालून कसे बसावे?

आणि गाणगापूरला तर महाराजांनी निवाडाच करून ठेवला आहे. आधी ते भीमा-अमरजेच्या संगमावर गुप्तपणे राहत. वांझ म्हैस दुभती झाली, गावाला ओळख पटली, राजाने येऊन गावात राहण्याची विनंती केली. महाराज आले आणि उतरले कुठे? ज्या घरापाशी पिंपळावर ब्रह्मराक्षस होता आणि ज्या वास्तूत पाऊल टाकायला कुणी धजत नव्हते, तिथे. ब्रह्मराक्षसाला त्यांनी मुक्ती दिली. पण संगम सोडला नाही. अनुष्ठान संगमावर, वस्ती गावातल्या मठात. रोज जायचे, रोज परत यायचे.

तरी माझा हट्ट सुटेना. ते बैठे घर पुन्हा बघायला गेलो. मालक सरळ मनाचा. त्याने भिंतीवर छातीइतक्या उंचीची एक पुसट रेघ दाखवली. म्हणाला, "काका, २६ जुलै २००५चं पाणी इथवर होतं." २०१९च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. मी हिला म्हटले, "वाडीला पाणी पादुकांवरून गेलं की आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणतो. नदीला काय भ्यायचं?" ही म्हणाली, "पाणी चढलं की तिथं उत्सवमूर्तीसुद्धा वर हलवतात. आपल्याला रात्री कोण हलवणार?"

परतताना गाडीत खिडकीशी बसून मी स्वतःला तपासले. मला नदी हवी होती की माणसे नको होती? बैठकीतला अपमान, मुलाशी झालेली बोलाचाली, सगळे उराशी घेऊन मी एकांत शोधत होतो. त्याला मी वैराग्य म्हणत होतो. तो रुसवा होता. रुसलेल्या माणसाने नदीकाठी लावलेल्या आसनावर जप होत नाही, जुनी भांडणे मात्र होतात.

आम्ही कुळगावात राहायला आलो. पहिल्याच महिन्यात हिला रात्री ताप भरला. घरात सामान अजून खोक्यांत. मी शेजारच्या दारापुढे उभा राहिलो आणि घंटीकडे हात जाईना. सारा जन्म कुणाकडे काही मागितले नव्हते, त्याचा अभिमान होता. तेव्हा घेवडा आठवला. मनात 'ॐ भवति भिक्षां देहि' म्हटले आणि घंटी दाबली. त्या माउलीने गरम पेज केली, तिचा यजमान औषध घेऊन आला. आता त्यांचा मुलगा संध्याकाळी माझ्याकडे गणित शिकायला बसतो. मुलालाही मीच आपण होऊन फोन केला. तो आता महिन्यातून एकदा येतो.

रोज पहाटे मी चालत नदीकडे जातो, जपाची माळ पुरी करतो आणि ऊन चढायच्या आत परततो. संगम तिकडे, मठ इकडे.

आज ठाणे, डोंबिवली, कल्याणात कितीतरी जुनी घरे पाडली जात आहेत आणि साठी-सत्तरीच्या पुष्कळांपुढे हाच प्रश्न आहे. त्यांना एवढेच सांगतो. पाणी, दवाखाना, स्टेशन, भाव हे सगळे बघाच, व्यवहार सोडू नका. पण शेवटी दारात उभे राहून स्वतःला विचारा: इथे मला कुणाकडे मागता येईल का? आणि माझ्याकडे मागायला कुणी येईल का? दोन्हींचे उत्तर 'हो' आले, तर खुशाल बिऱ्हाड थाटा. जिथे भिक्षा घालता येते आणि घेता येते, तिथे महाराज दुपारच्या वेळी येतातच. कोणत्या रूपाने येतील ते सांगता येत नाही, म्हणून दार लोटून घेऊ नका.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!