उत्तर कोणाला दिले होते?

थोरांचे बोलणे टिपून ठेवावे ही इच्छा आपल्याकडे आजची नाही. मराठी गद्याचा आरंभच मुळी तिच्यातून झाला. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेली माणसे शोधली, त्यांच्या आठवणी मिळविल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे केशिराजबासांनी स्वामींची वचने तेवढी वेगळी काढून 'सूत्रपाठ' रचला. पाठांतराला तो सोयीचा झाला खरा. पण वचन हाती असूनही ते कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे ठाऊक नसेल, तर अर्थ लावावा कसा? म्हणून सूत्रांमागचे प्रसंग सांगणारा 'प्रकरणवश' नावाचा ग्रंथ त्या संप्रदायाला करावा लागला.

त्या मंडळींना सातशे वर्षांपूर्वी जे उमगले, ते ध्वनिमुद्रणाच्या काळात आपण विसरत चाललो आहोत काय, अशी शंका मला कुमार गंधर्वांची संभाषणे ऐकताना आणि वाचताना येऊ लागली. वाशी येथे त्यांनी केलेले संगीतचिंतन 'मुक्काम वाशी' या पुस्तकात शब्दबद्ध झाले आहे. मुलाखतींची ध्वनिमुद्रणेही आहेत. आमच्या आष्ट्यासारख्या गावात बसून हे सारे ऐकावयास मिळते, हे भाग्यच. पण बहुतेकांच्या कानी पडतो तो मोबाइलवरचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा, आणि त्यात प्रश्न गाळलेला असतो.

कुमारांचे एक मत पाहा. राग लोकधुनांतून उगवतात, असे ते आग्रहाने मांडीत. नुसते वाक्य म्हणून घेतले, तर ते कोणाच्याही हाती शस्त्र होते. आळशी विद्यार्थी म्हणेल, 'मग शास्त्र कशाला शिकावे?' आणि अहंकारी पंडित म्हणेल, 'लोकगीत म्हणजे आमचा कच्चा माल.' परंतु १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या, मिरजेच्या मातीतल्या प्रा. बा. र. देवधरांपाशी मुंबईत शिकलेल्या या गायकाला क्षयाने गाठले. तो देवासला जाऊन राहिला. सुमारे पाच वर्षे गाणे बंद होते. त्या सक्तीच्या मौनात माळव्यातल्या बायकांची गाणी त्याच्या कानांवर पडत राहिली, त्याने ती टिपली, आणि त्यांतून उमललेले नवे राग आणि बंदिशी १९६५ साली 'अनूपरागविलासा'त प्रसिद्ध झाल्या. आपण जे वाक्य अर्ध्या मिनिटात ऐकून मोकळे होतो, त्यासाठी कोणी तरी पाच वर्षे गप्प राहिलेले असते.

ही गोष्ट केवळ रसिकतेची असती, तर मी लेखणी उचलली नसती. तीत नीतीचा प्रश्न गुंतलेला आहे. आमच्या पेठेतले एक वृद्ध गृहस्थ एकादशीच्या भजनात पुढे बसत. गळा साधाच, पण त्यांनी चाल धरली की मागच्या ओळीतला माणूसही टाळ उचली. एके दिवशी शिकल्यासवरल्या एका तरुणाने त्यांना कोणा नामांकित गायकाचे वचन ऐकविले. श्रोत्यांसाठी गाणे हे गाणेच नव्हे, अशा आशयाचे ते होते. तरुणाच्या मनात दुष्टावा नव्हता. त्याला मोठे वाक्य सापडले होते एवढेच. पण लोकांनी साथ द्यावी म्हणूनच आयुष्यभर गाणारा तो माणूस पुढच्या तीन एकादश्या मागे जाऊन बसला. पुढे ती मुलाखत आम्ही पुरती ऐकली. टाळ्या लवकर कशा मिळतील, असे विचारणाऱ्या एका उतावळ्या शिष्याला दिलेले ते उत्तर होते. म्हातारबुवा हसून म्हणाले, "मग ते मला न्हवतंच की सांगितलेलं!"

कोणी विचारील, सत्य ते सत्य. ते कोणाला सांगितले यावरून बदलते की काय? याचे उत्तर पेटीपाशी सापडते. काळी चारची पट्टी दाबा. त्या पट्टीत गाणाऱ्या बाईचा तो षड्ज. शेजारी काळी एकमध्ये गाणारा पुरुष बसला असेल, तर त्याचा तोच पंचम. स्वर तसूभरही हललेला नाही, पण त्याचे स्थान निराळे झाले. ज्याचा षड्ज आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या पुढ्यात दुसऱ्याचा स्वर नेऊन ठेवणे हे बेसूर तर आहेच, कधी कधी निर्दयही आहे.

टिपणाऱ्यावरही जबाबदारी येते. स्त्राव्हिन्स्की या विख्यात संगीतकाराची रॉबर्ट क्राफ्टशी झालेली संभाषणे १९५९ पासून एकामागून एक पुस्तकरूपाने आली. तेथे प्रश्न छापलेले आहेत. पण उत्तरे इतकी घोटीव, की त्यांत संगीतकाराचे शब्द किती आणि क्राफ्टचे किती, हा वाद आजही मिटलेला नाही. बोलणाऱ्याचे अडखळणे, 'थांबा, असे नव्हे' म्हणून मागे येणे, मध्येच गुणगुणून दाखविणे, हे सारे पुसले की माणूस जातो आणि त्याच्या जागी पुतळा उभा राहतो. पुतळ्याला उलट विचारता येत नाही. याउलट 'लीळाचरित्रा'च्या परंपरेने एकाच लीळेची निरनिराळ्यांनी सांगितलेली रूपे नावानिशी जपून ठेवली. त्या नोंदींमुळे स्वामींचे मोठेपण उणे झाले नाही.

तेव्हा उद्या आपल्यापैकी कोणी गावातल्या एखाद्या जुन्या भजन्याचे किंवा मिरजेच्या एखाद्या तंबोरा जुळविणाऱ्या कारागिराचे बोल मुद्रित करावयास बसला, तर आपला प्रश्न त्याने खुशाल बावळट वाटू द्यावा, पण गाळू नये. आणि ऐकणाऱ्याने थोरांचे वचन दुसऱ्याच्या अंगावर टाकण्याआधी, ते कोणाला आणि का सांगितले होते, एवढे विचारून घ्यावे. त्याचे उत्तर हाती नसेल, तर ते वचन आधी स्वतःला लावून पाहावे.