कोणीं न मागितलेलीं चित्रें

माझ्या टेबलाच्या खणांत एक चित्रवही आहे. तिचीं पहिलीं चौदा पानें भरलेलीं असून पुढचीं सारीं कोरीं आहेत. चौदाव्या पानावर खिडकींतल्या तुळशीच्या कुंडीचें अर्धवट रेखाटन आहे आणि त्याखालीं घातलेली तारीख जवळजवळ तीन वर्षांपूर्वींची आहे. ह्या तीन वर्षांत ती वही मीं उघडलीच नाहीं असें नाहीं. पुष्कळदां उघडली, पेन्सिलीला टोंक केलें, पानावरून हात फिरविला, आणि थोड्या वेळानें पेन्सिल होती तेथें ठेवून वही मिटली. नोकरींतल्या मनुष्याला कामाचा कंटाळा आला तर तो रजेचा अर्ज करतो. परंतु जें काम आपल्याला कोणी सांगितलेलेंच नाहीं त्याची रजा मागावयाची कोणाकडे, आणि बिनरजेच्या गैरहजेरीचा जाब तरी द्यावयाचा कोणाला?

माझ्या न काढलेल्या चित्रांनीं जगाचें कांहींएक अडलेलें नाहीं, हें मला ठाऊक आहे. तरी खण उघडला कीं मन खातें. ज्या गोष्टीचें आपल्यावर कसलेंहि बंधन नाहीं ती सुटली असतां मनानें खावें तें कां, हा प्रश्न मला दिसतो तितका क्षुल्लक वाटत नाहीं. गणिताचे अध्यापक असलेले माझे एक स्नेही ह्याचें उत्तर एका वाक्यांत देतात. ते म्हणतात, ‘‘जेवण झालेला मनुष्य पानावरून उठतो, त्यांत अन्नाचा अपमान नसतो.’’ छंद हा आवडीचा विषय. आवड सरली कीं छंद सरला. त्याला कर्तव्याची वस्त्रें चढवून उगाच स्वतःला अपराधी कां ठरवावें? युक्तिवाद बिनतोड आहे. अडचण एवढीच, कीं मी तृप्त होऊन पानावरून उठलेलों नाहीं. भूक आहे आणि घास उतरत नाहीं, अशी माझी स्थिति आहे. आणि वैद्यशास्त्रांत ह्या दोन अवस्थांना एकच नांव देत नाहींत.

घास कां उतरेनासा झाला ह्याचा शोध घेतां घेतां मी शाळेपर्यंत मागें गेलों. महाराष्ट्रांत शिकलेल्या पुष्कळांनीं लहानपणीं सरकारच्या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या असतात. एलिमेंटरी झाली कीं इंटरमीजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिति आणि अक्षरलेखन. ह्या परीक्षांचे उपकार मी नाकारीत नाहीं; लोट्याचें तोंड लंबवर्तुळाकार दिसतें हें मला त्यांनींच शिकविलें. पण चित्राच्या कोपऱ्यांत श्रेणी लिहिलेली असते, हेंहि त्यांनींच शिकविलें. त्यापूर्वीं मी अंगणांत कोळशानें बैल काढीत असें, तेव्हां त्या बैलाला श्रेणी नव्हती.

सन 1973 मध्यें अमेरिकेंतील तीन मानसशास्त्रज्ञांनीं, लेपर, ग्रीन व निस्बेट ह्यांनीं, बालकमंदिरांतल्या 51 मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ह्या मुलांना चित्रें काढण्याची आधींपासूनच गोडी होती. त्यांतल्या कांहींना, चित्र काढलेंत तर सोनेरी ताऱ्याचें आणि फितीचें प्रशस्तिपत्र मिळेल, असें अगोदर सांगितलें. कांहींना तें न सांगतां शेवटीं अवचित दिलें. उरलेल्यांना कांहींच दिलें नाहीं. पुढें एक-दोन आठवड्यांनीं खेळण्याच्या मोकळ्या वेळांत रंग व कागद मुलांपुढें पुन्हां ठेवले, तेव्हां ज्यांना बक्षिसाचें वचन मिळालें होतें तीं मुलें इतरांच्या मानानें जवळजवळ निम्माच वेळ चित्रांत रमलीं. अवचित बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे बक्षीस बाधलें नाहीं. बक्षिसासाठीं काढणें बाधलें.

हा वृत्तान्त प्रथम वाचला तेव्हां मला माझीच कुंडली कोणी मांडल्यासारखें वाटलें. पुण्यांतल्या जुन्या वाड्यांच्या दरवाजांचीं मीं काढलेलीं कांहीं रेखाटनें एका गणेशोत्सवांत आमच्या वसाहतीच्या प्रदर्शनांत लागलीं आणि लोकांनीं तोंड भरून वाखाणलीं. त्यानंतर मी मोबाईलवरून नातलगांना चित्रें पाठवूं लागलों. पहिल्या चित्राला वीस जणांची शाबासकी आली, दहाव्याला चौघांची, आणि पंधराव्याच्या खालीं एका आत्याबाईंनीं ‘‘सुप्रभात’’ एवढेंच लिहिलें. त्यांचा दोष नाहीं. रोज रोज दरवाजे पाहून कोण किती आनंद मानील? पण मला त्या दिवशीं पेन्सिल जड वाटली हें खरें, आणि ती जड वाटली म्हणून स्वतःची लाज वाटली हेंहि तितकेंच खरें.

मम्मटानें काव्याचीं सहा प्रयोजनें सांगितलीं आहेत: यश, द्रव्य, व्यवहाराचें ज्ञान, अमंगलाचें निवारण, तत्काळ मिळणारा परमानंद, आणि कांतेनें गोडीनें करावा तसा उपदेश. हौशी चित्रकाराला हीं लावून पाहावीं. यश व द्रव्य हीं पहिल्याच फेरींत गळतात. माझ्या तुळशीच्या कुंडीपासून कोणाला व्यवहारज्ञान होईल किंवा कोणाचें अमंगल टळेल असें वाटत नाहीं. उपदेशाची तर गोष्टच नको. राहतां राहिला तो आनंद. आणि येथें प्रामाणिकपणें सांगावयाचें तर, चित्र काढणें बहुतेक वेळां आनंददायक नसतें. प्रमाण चुकतें, सावली मळते, खोडरबरानें कागदाची साल निघते. आनंद ही ह्या छंदाची रोजची मजुरी नव्हे. फार तर दिवाळीची पोस्त आहे.

येथें कोणीतरी गीता पुढें करणार हें मी ओळखून आहें. फलाची आशा सोड आणि रेघा ओढीत राहा! परंतु गीतेंतला उपदेश स्वकर्माविषयींचा आहे. अर्जुनापुढें युद्ध वाढून ठेवलेलें होतें. तें त्याच्या वाट्याचें होतें. माझ्या वाट्याला पेन्सिल कोणीं दिली? जें कर्तव्यच नाहीं त्यांत निष्काम होण्याचा प्रश्न कोठून उद्भवणार? ह्या थोर तत्त्वाला आपण घरगुती अडचणींत इतक्या वेळां राबवितों, कीं त्याचीच मला दया येते.

दुसरा उपाय नियमाचा. अपेलीझ नांवाचा प्राचीन ग्रीक चित्रकार, दिवस कितीहि धामधुमीचा असला तरी निदान एक रेघ ओढल्यावांचून तो जाऊं देत नसे, असें रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो. आपल्याकडे औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि (1868–1951) ह्यांचें नांव सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठीं सर्वश्रुत आहे. पण ते स्वतः चित्रकार होते, रामायणांतले प्रसंग त्यांनीं स्वहस्तें रंगविले, आणि 1938 सालीं औंधला चित्राशिल्पांचें संग्रहालय उभारलें. राज्याचा भार वाहून ज्या मनुष्यानें कुंचला खालीं ठेवला नाहीं, त्याच्यापुढें माझी वेळ न मिळण्याची सबब टिकत नाहीं. म्हणून मींहि एक महिना नमस्कारांप्रमाणें चित्रें घालून पाहिलीं. रोज एक. तीस दिवसांत तीस झालीं. त्यांत अकरा चहाचे पेले होते. नियमानें हात कागदापर्यंत जातो ह्यांत संशय नाहीं. तेथून पुढें मात्र नियम सोबत करीत नाहीं. एकतिसाव्या दिवशीं मला जें मोकळें वाटलें तें परीक्षा संपल्यासारखें वाटलें, आणि त्यावरूनच मी काय ते उमजलों.

होकुसाय ह्या जपानी चित्रकारानें पंचाहत्तरीच्या सुमारास लिहून ठेविलें, कीं सत्तरीपूर्वींचें आपलें काम हिशेबांत धरण्याजोगें नाहीं आणि एकशेंदहाव्या वर्षीं आपला प्रत्येक बिंदु सजीव होईल. हें वाचून उमेद वाढते, असें म्हणतात. माझी वाढली नाहीं. कारण त्याच्या हिशेबांत न धरण्याजोग्या कामांतलें एक पान जरी मला साधतें तरी मी हा लेख लिहीत बसलों नसतों. मला चर्चिलसाहेबांची गोष्ट अधिक जवळची वाटते. हिंदुस्थानाविषयींचीं ह्या गृहस्थांचीं मतें वाचून ज्यांचें माथें तापतें त्यांत मीहि आहें. पण चित्रकलेंत ते आपल्यासारखेच हौशी होते. डार्डनेल्सच्या अपयशानंतर 1915 सालीं अधिकारपद गेलें, तेव्हां चाळिशींत त्यांनीं कुंचला हातीं घेतला, आणि कोऱ्या कॅनव्हासपुढें ते इतके बिचकले, कीं एका चित्रकाराच्या पत्नीनें येऊन, त्यांच्या हातांतला कुंचला घेऊन, त्या पांढऱ्या कापडावर निळ्या रंगाचे सपासप फटकारे मारले तेव्हां कोठें त्यांची भीड चेपली. रवीन्द्रनाथांना तर कोऱ्या कागदाची भीति पडलीच नाहीं. साठी ओलांडल्यावर, कवितांच्या हस्तलिखितांतल्या खोडाखोडींना आकार देतां देतां ते चित्रांकडे वळले; 1930 सालीं पॅरिसमध्यें त्यांचें प्रदर्शन भरलें तेव्हां ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. खोडलेल्या ओळीपासून आरंभ करणाऱ्याला चूक होण्याचें भय कसचें? चूक हेंच त्याचें भांडवल.

भय हा शब्द लिहिला आणि लक्षांत आलें, कीं इतका वेळ मी ज्याला कंटाळा म्हणत होतों तो कंटाळा नव्हताच. डोळा आणि हात हे एका वेगानें शिकत नाहींत. चांगलीं चित्रें पाहून पाहून डोळा चाणाक्ष होतो. हात बिचारा मागून लंगडत येतो. पूर्वीं एखादें थोर चित्र पाहावयाचें तर प्रवास करावा लागे. आतां जेवण होऊन आडवें व्हावें तों शंभर चित्रें हातांतल्या कांचेवरून सरकतात, आणि मग आपली कुंडी कोणत्या तोंडानें काढावी?

जॉन रस्किन ह्या इंग्रज टीकाकारानें ह्यावर एक निराळें उत्तर देऊन ठेविलें आहे. 1854 पासून तो लंडनांतल्या एका कामकऱ्यांच्या विद्यालयांत चित्रकला शिकवी. सुताराला चित्रकार करणें हा आपला हेतु नसून, तो सुतार म्हणूनच अधिक सुखी व्हावा एवढाच आपला प्रयत्न आहे, असें त्यानें सांगितलें. चित्र काढावयाचें तें पाहावयास शिकण्यासाठीं, हा त्याचा आग्रह. त्याची सत्यता मला वाईला पटली. तेथें माझी सासुरवाडी. कृष्णेच्या घाटावरचा ढोल्या गणपति मीं निदान पंधरा वेळां पाहिला असेल, प्रदक्षिणा घातल्या असतील. एकदां सहज पलीकडच्या अंगाला बसून देवळाची मागची भिंत काढूं लागलों आणि रेघ कांहीं केल्या जुळेना. तीन वेळां खोडल्यावर नीट पाहिलें, तेव्हां दिसलें कीं भिंत सपाट नाहींच. पुराच्या पाण्याचा लोंढा दुभंगावा म्हणून ती नांवेच्या नाळीसारखी निमुळती बांधलेली आहे. पंधरा प्रदक्षिणांत जें दिसलें नाहीं तें एका चुकलेल्या रेघेनें दाखविलें.

ॲरिस्टॉटल म्हणतो, कीं कांहीं कर्में घर बांधण्यासारखीं असतात, तीं संपेपर्यंत अपुरीं. आणि कांहीं पाहण्यासारखीं, तीं प्रत्येक क्षणीं पुरीं. त्या हिशेबानें रेखाटन हें पाहण्याच्या वर्गांत पडावें, चौदाव्या पानावरची अर्धवट कुंडीसुद्धां. माझे गणिती स्नेही येथें हटकतात: ‘‘पाहणेंच साधावयाचें असेल तर नुसतें लक्षपूर्वक पाहा कीं! हात कशाला काळे करतोस?’’ ह्या शंकेला माझ्याजवळ सिद्धान्त नव्हता. गेल्या दिवाळींत मात्र एक गोष्ट घडली.

घराची साफसफाई चालली असतां आईला माझी एक जुनी चित्रवही सांपडली. नाना, म्हणजे माझे वडील, आठ वर्षांपूर्वीं गेले. त्यांच्या शेवटच्या आजारांत रुग्णालयांत रात्री बसून राहावें लागे, आणि तेथल्या मंद उजेडांत त्यांचा चादरीवर पडलेला उजवा हात मीं एकदां काढला होता. मनगटाला पट्टी, बोटें किंचित् मिटलेलीं. चित्र साधलें नव्हतें. पुन्हां पाहावयाचें धैर्य झालें नाहीं म्हणून मीं ती वही तळाशीं टाकली होती. नानांचीं छायाचित्रें घरांत पुष्कळ आहेत. आई तीं पाहते आणि पुढें जाते. ह्या पानावर मात्र ती थबकली. चष्मा वर करून, पान उजेडाकडे धरून म्हणाली, ‘‘हा अंगठा त्यांचा नव्हे रे. त्यांचा आंखूड होता. आणि नखाशीं जरा आंत वळलेला.’’

आठ वर्षांत नानांच्या अंगठ्याविषयीं ती एक अक्षर बोलली नव्हती. छायाचित्र चुकत नाहीं, म्हणून त्याच्याशीं कोणी वाद घालीत नाहीं. माझा अंगठा चुकला होता म्हणून तिला बोलावें लागलें. मीं नानांच्या हाताविषयीं एक विधान केलें होतें, खोटें कां होईना, आणि तें खोडून काढण्यासाठीं तिला खरें आठवावें लागलें. नुसत्या लक्षपूर्वक पाहण्यानें हें झालें नसतें, असें मीं स्नेह्यांना सांगितलें. ते गप्प राहिले. पटलें म्हणून कीं माझी कींव आली म्हणून, तें कळलें नाहीं.

‘‘वळलेला म्हणजे कसा?’’ मीं आईला विचारलें. तिनें स्वतःचा अंगठा वांकवून पाहिला, तो तसा वळेना. मग माझा हात ओढून घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, ‘‘असा. हाच कीं.’’

त्या रात्री जेवणें झाल्यावर टेबलाशीं बसलों, डावा हात दिव्याखालीं ठेवला आणि खणांतली वही काढून पंधरावें पान उघडलें. अंगठा पुन्हां लांबच आला. सोळाव्या पानावर थोडा कमी लांब आहे, पण नख अजून जमत नाहीं.